समोरच्याचा उजवा डोळा

"थांबा! पाय टाकू नका!"

जिन्यात कुणीतरी ओरडलं आणि मी एका पायावर उभी राहिले. माझा चष्मा पायरीवर पडला होता. त्याच्याशिवाय समोरचा माणूस म्हणजे नुसता निळा शर्ट! निळ्या शर्टाने चष्मा उचलला, वाकलेली काडी सरळ केली, काचांवर फुंकर मारली आणि... चक्क माझ्या नाकावर बसवला. आता डोळे दिसले. अगं बाई!

"सॉरी हं," तो गडबडला. "तुम्हीपण खाली, चष्म्याच्या काचा घासतात तिथेच कामाला लागलात का? जपून. आज नवी बॉस येतेय."

आई म्हणते, माझं नाक देवाने खुपसण्यासाठीच दिलंय. मी लगेच विचारलं, "कशी हवी तुम्हाला बॉस?"

"शिकू देणारी. चारचौघांत न झापणारी. आणि..." त्याने जिन्यात वर-खाली बघून घेतलं. "स्वतः चुकली तर 'मी चुकले' म्हणणारी. पण असला माल कुठे मिळतो?"

"ऑर्डर देऊन बघा," मी म्हणाले आणि पाच मिनिटांनी बॉसच्या खुर्चीत जाऊन बसले. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

तो काच घासताना कधीच घाई करायचा नाही, म्हणून सगळे त्याला 'सावकाश' म्हणायचे. मी आजवर याच मालकांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बसलेली. इथली यंत्रं त्यानेच मला समजावली. मी रोज काहीतरी विचारायला त्याच्या टेबलाशी जायचे. कधीकधी उत्तर आधीच माहीत असायचं... असो, कबूल केलं!

मालकांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. एक मोठी चूक झाली की परत दुकानात, असं बजावूनच. आणि दहाव्या आठवड्यात ती झाली. चाळीस चष्म्यांच्या काचा परत आल्या. उजव्या डोळ्याचा नंबर डावीकडे, डाव्याचा उजवीकडे. मालक तरातरा खाली आले आणि थेट सावकाशवर तुटून पडले.

"घासताना डोळे कुठे होते तुझे?"

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. पण नंबरांच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याचा उजवा डोळा आपल्या डावीकडे येतो ना? त्या खेपेला जुन्या सवयीने मी उजव्या डोळ्याचा रकाना डावीकडे आखला होता, वर नाव न लिहिता. गप्प बसले असते तर नोकरी वाचली असती.

"मी चुकले," मी म्हणाले. "चिठ्ठ्या माझ्या आहेत. मी लिहिलं तसंच त्यांनी घासलंय."

मालकांनी चिठ्ठ्या उचलून बघितल्या. मग म्हणाले, "कबूल केलंत म्हणून या वेळी सोडतो. परवापर्यंत सगळ्या नव्याने हव्यात." आणि गेले. वाचले बाई!

काचा वेळेत गेल्या. अन् दुसऱ्या दिवशी सावकाशचा अर्ज माझ्या टेबलावर! वरच्या मजल्यावर, फ्रेमच्या विभागात बदली हवी म्हणे. मला असा राग आला... आणि रडूही.

"हवी तशी बॉस मिळाली ना तुम्हाला? मग पळताय कशाला?"

"बॉस अगदी मनासारखी मिळाली हो. पण—" तो हातातली स्वच्छ काच पुन्हा पुन्हा पुसत राहिला. "बॉसला कुणी 'कॉफीला येता का' विचारतं का? मी जिन्यातच विचारणार होतो. तेवढ्यात तुम्ही खुर्चीत!"

"आणि मी सही नाही केली तर?"

"उद्या परत अर्ज देईन. परवाही देईन."

मी सही केली. इतक्या घाईत आजवर कुठल्याच कागदावर केली नव्हती.

महिन्याअखेरीस तो वर गेला आणि त्याच संध्याकाळी आम्ही कॉफीला गेलो. तो माझ्या समोर बसला. मग काय वाटलं कोण जाणे, उठून शेजारी आला.

"काय झालं?"

"समोर बसलं की तुमचं उजवं-डावं चुकतं."

मी हसले आणि त्याचा हात हातात घेतला. "हा उजवाच ना?"

"तपासून बघ की," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला!

मग काय, मीही अगदी सावकाश तपासला.