कोरल्यावर बदल नाही

तो दुकानात आला तोच मुळी चुकून. त्याला जायचं होतं दोन दुकानं सोडून पुढे, जिथे मशीनवर बक्षिसांच्या पट्ट्या झटपट छापून मिळत. पण ते मशीन बिघडलं होतं, मालक शटर ओढून निघून गेला होता, आणि बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. म्हणून हा समोर दिसलेल्या दारात शिरला आणि ओले केस मागे सारत तिच्या काउंटरशी येऊन उभा राहिला.

"ट्रॉफीवर प्रिंट करून मिळेल का?"

तिने मान वर केली नाही. पितळी पट्टीवर एका अक्षराचं शेवटचं वळण चाललं होतं, आणि वळण चालू असताना ती कुणाचीच नसे.

"इथे प्रिंट होत नाही," वळण संपल्यावर ती म्हणाली. "इथे कोरतात."

"हाताने?"

"नाही, पायाने."

तो हसला. अगदी मोकळेपणाने, जणू तिने त्याचं स्वागतच केलं होतं! तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. हा माणूस आपलं डोकं खाणार, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. फक्त किती खाणार याचा अंदाज तेवढा चुकला.

तो संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचा गौरव समारंभ होता, हुशार मुलांना बक्षिसं द्यायची होती, आणि त्या सगळ्या पट्ट्यांचं काम समितीने याच्या गळ्यात मारलं होतं. ती मनातून हरखली. वडिलांचा हात थरथरायला लागल्यापासून दुकान तिच्यावर होतं, पण लोक अजून "बाबा नाहीत का?" असंच विचारत. एवढं मोठं काम, सगळंच्या सगळं तिच्या हातचं, पहिल्यांदाच येत होतं. तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वडिलांनी तरुणपणी स्वतः कोरलेली पाटी होती ती: 'एकदा कोरल्यावर बदल होणार नाही.'

"वाचलंत?"

"वाचलं. मस्त आहे अक्षर."

"अक्षराचं नाही विचारलं."

"कळलं हो, मॅडम. बदल नाही."

दुसऱ्याच दिवशी स्वारी हजर. "एक छोटासा बदल आहे..."

'उत्कृष्ट संशोधन'चं 'सर्वोत्कृष्ट संशोधन' करायचं होतं. तिने अजून नुसती पेन्सिलीने आखणी केली होती, म्हणून ते निभावलं. मग तिसऱ्या दिवशी आला. 'संगणकशास्त्र' नको, 'संगणक विज्ञान' हवं होतं. चौथ्या दिवशी आला. विभागप्रमुख मॅडमना 'संगणकशास्त्र'च बरं वाटत होतं. प्रत्येक वेळी तोच दिलगीर चेहरा, तेच "एक छोटासा बदल". आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेल्या वडिलांनी त्याचं बारसंच करून टाकलं. स्कूटर थांबल्याचा आवाज आला की ते आतून ओरडत, "काय गं, बदलराव आले वाटतं!"

"अहो, तुम्ही लोक एकदा ठरवून का नाही सांगत?" एकदा ती भडकलीच. "तुमचं काय जातं? तुम्ही बटण दाबता, खोडता, परत लिहिता. मी काय खोडू? पितळ?"

"आमच्याकडे असंच चालतं. आधी चालवून बघायचं, चुकलं की दुरुस्त करायचं."

"आणि नोकरीचंही असंच चाललंय वाटतं?"

तो ओशाळला. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक लांबच्या मोठ्या शहरातली मोठी कंपनी. दुसरं इथलंच, गावाबाहेरचं रुग्णालय. कुठलं औषध संपत आलंय ते आधीच सांगणारा एक प्रोग्रॅम त्याने तिथे प्रकल्प म्हणून बसवला होता, आणि तिथल्या नर्सबाईंना तो फारच आवडला होता. सोमवारी तो कंपनीत जाणार होता. बुधवारी रुग्णालयात. शुक्रवारी "अजून बघू".

"मनातून कुठे जायचंय?"

"खरं सांगू? रुग्णालयात. पण घरचे म्हणतात, मित्र म्हणतात..." तिच्या कोरणीच्या टोकाकडे बघत तो म्हणाला, "तुम्हाला भीती नाही वाटत? एकदा घाव घातला की संपलंच!"

"वाटते ना. म्हणून आधी ठरवते, मग हात लावते."

तिच्या कपाळाला लागलेल्या पॉलिशच्या डागाकडे त्याने बोट केलं – "इथे... काहीतरी..." – आणि बोट हवेतच थांबलं. तिने मनगटाने कपाळ पुसलं, तर डाग आणखी पसरला. तो हसला, आणि तिला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की तो गेल्यावर दुकान एकदम मोठं वाटायला लागलं.

ती स्वतःवरच चिडली. जगात काय माणसांचा दुष्काळ पडला होता? बदलाव्या लागणार नाहीत अशा गोष्टींवर हात बसलेला आपला, आणि जीव गुंतावा तो कुणात? ज्याचा सकाळचा शब्द दुपारपर्यंत टिकत नाही त्याच्यात! असा माणूस उद्या तिलाही म्हणेल, एक छोटासा बदल आहे. आणि तिचं मन काही पेन्सिलीने आखलेलं नव्हतं. तिला कायमचं ठरवणारा माणूस हवा होता, आणि हा तसा असेल यावर विश्वास ठेवायची तिची हिंमत होत नव्हती.

शेवटी तिने त्याला निक्षून सांगितलं, आता जे पाठवाल तेच कोरणार. त्यानेही बाणेदारपणे सगळा मजकूर फोनवर पाठवला. खाली लिहिलं, 'हे शेवटचं. आहे तसं कोरा. अक्षरही हलवू नका.'

ती कोरत बसली. एका पट्टीवर होतं, 'शून्यापासून मोजायला शिकल्याबद्दल'. ही नक्की चूक असणार म्हणून तिने फोन केला, तर तो खो खो हसला. "अहो, आम्ही मोजणी शून्यापासूनच सुरू करतो. आमच्यातला विनोद आहे तो." तिला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. त्यामुळे सर्वांत मोठ्या ट्रॉफीच्या पट्टीसाठी 'येथे मजकूर लिहा' असं आलेलं दिसलं तेव्हा ती क्षणभर थबकली, पण फोन केला नाही. असेल यांच्यातला आणखी एखादा विनोद. आहे तसं कोरा म्हणतोय ना? घे तर मग. तिने ते तीन शब्द इतके सुरेख कोरले की वडील भिंग लावून बघत म्हणाले, "अर्थ लागत नाही गं, पण हात झकास आहे."

समारंभाच्या दिवशी ट्रॉफ्या घेऊन ती स्वतः सभागृहात गेली. कडक इस्त्रीचे कपडे घातलेली मुलं एकमेकांचे फोटो काढत होती, आयांचे डोळे आधीपासूनच पाणावले होते. तो विंगेत उभा होता. शर्टाची बटणं आज बरोबर लावलेली. त्याने खोकं उघडलं, एकेक पट्टी बघत "वा... वा!" म्हणत गेला, आणि मोठ्या ट्रॉफीपाशी त्याचा आवाजच गेला.

"हे... हे काय आहे?"

"तुम्ही पाठवलेलं."

"अहो, ती रिकामी जागा होती! सर्वोत्कृष्ट प्रकल्पाचा निकाल लागायचा होता, म्हणून नमुना तसाच राहिला... तुम्ही खरंच कोरलंत?"

"आहे तसं कोरा, कुणी लिहिलं होतं?"

"पण कुणीही वाचलं तर कळेल ना!"

"शून्यापासून मोजणाऱ्या माणसांचं मला काय कळणार?"

हे सगळं कुजबुजत चाललं होतं, कारण पडद्यापलीकडे विभागप्रमुख मॅडमचं भाषण सुरू होतं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "पुसता येईल?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ताबडतोब हात जोडले. पण राग एकीकडे आणि काम एकीकडे. तिच्या हातची पहिली मोठी ऑर्डर होती ती, आणि एवढ्या माणसांसमोर तिची फजिती होऊ द्यायची नव्हती. तिने पिशवीतून पेचकस काढला, स्क्रू सोडवले आणि पट्टी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"मजकूर सांगा. आणि ही पट्टी टेबलावर दाबून धरा. हलायचं नाही."

तो खिशातून निकालाचा कागद काढून वाचायला लागला आणि लाल झाला. "सर्वोत्कृष्ट प्रकल्प... रुग्णालयासाठी औषधसाठा..." पुढे त्याला बोलवेना.

"म्हणजे तुमचाच?"

"माझाच."

"छान. स्वतःचं बक्षीस स्वतःच घोळात घालणारे तुम्ही पहिलेच असाल."

तिने आखणी केली आणि कोरणी टेकवली. त्याची बोटं पट्टीच्या दोन्ही कडांना, तिचा हात मधे. सूत्रसंचालन करणाऱ्या त्याच्या मित्राने विंगेतली धांदल ओळखून मॅडमना आणखी एक आठवण सांगायची गळ घातली, आणि मॅडमना तर तेवढंच हवं होतं. पितळाचा बारीक कीस तिच्या मनगटावर उडत होता. त्याचा श्वास तिच्या केसांपाशी अडखळत होता. जन्मात कधी स्वस्थ न बसणारा हा माणूस तेवढा वेळ खरंच हलला नाही. शेवटचा काना झाला, तिने फुंकर मारली, आणि पट्टी परत ट्रॉफीवर बसवून स्क्रू आवळले.

"थँक यू," तो म्हणाला. "मला तुम्हाला काहीतरी..."

तेवढ्यात त्याला पुकारलं. ट्रॉफी घेऊन तो मंचावर गेला, टाळ्या झाल्या, आणि मित्राने माइकवर दणदणीत आवाजात जाहीर केलं, "आणि आपला हा हिरा लवकरच एका मोठ्या कंपनीत रुजू होतोय!"

आणखी टाळ्या झाल्या. तिने हत्यारं गोळा केली, पिशवीत कोंबली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. बरं झालं, रस्ताभर ती स्वतःला बजावत होती. बरं झालं, सुटले. एकदाचं कायमचं ठरवलं म्हणायचं त्याने, तर तेही जायचं! मग सिग्नलपाशी उभी असताना तिला रडू आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

पुढचे काही दिवस दुकानासमोर स्कूटर थांबली नाही. वडील रेडिओचा आवाज कमी करून दोनदा "काय गं..." म्हणाले आणि दोन्ही वेळा आवाज पुन्हा वाढवला.

मग एका दुपारी स्कूटर थांबली. बगलेत ट्रॉफी, उजव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज आणि चेहरा तोच. "एक छोटासा..."

"बदल म्हणालात तर हातोडी फेकून मारेन."

"बदल नाही. दाखवायचं होतं." त्याने ट्रॉफी काउंटरवर ठेवली आणि पट्टी सोडवून उलटी केली. 'येथे मजकूर लिहा'च्या खाली आणखी काहीतरी खरवडलेलं होतं. एक अक्षर चढत होतं, दुसरं घसरत होतं, आणि अक्षरांखाली हत्यार सटकून लांबलचक ओरखडा गेला होता. तिने पट्टी उजेडात धरली. 'कोरल्यावर बदल नाही.'

"हे कशाने केलंत?" तिचा आवाज चढला. "पेचकसाने? अहो, चांगल्या पितळाचं वाटोळं केलंत! आणि अंगठा बघा तो! आखणी तरी करायची आधी!"

"आखली असती तर खोडली असती," तो म्हणाला. "म्हणून नाही आखली."

तिने पट्टी हळूच काउंटरवर ठेवली.

"माझ्या मित्राने जाहीर केलं ते मी त्याला कुठल्यातरी सोमवारी सांगितलेलं होतं. परवा रुग्णालयात सही करून आलो. ती माझ्यासाठी केली, तिथलं काम मला आवडतं म्हणून. आणि हे..." त्याने पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, "हे तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. 'उत्कृष्ट'चं 'सर्वोत्कृष्ट' करायला कुणीच सांगितलं नव्हतं मला. ते मीच काढलं होतं."

"काय?" ती उसळली. "म्हणजे ती सगळी ये-जा... सगळे बदल..."

"सगळे नाही! संगणकशास्त्र मॅडमचंच होतं. आईशप्पथ."

तिला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि हसूही आवरेना. तिने खणातून कोरणी काढली, त्याच्या ओरखड्याच्या टोकाला एक नाजूक वळण दिलं, आणि तो ओरखडा शब्दांखालची नीटस रेघ होऊन गेला. फुंकर मारून तिने पट्टी त्याच्या हातात ठेवली, पण तिचं टोक मात्र सोडलं नाही.

"मलाही आवडता. फार त्रास देता, तरीही." मग जरा थांबून, "फक्त... एक छोटासा बदल आहे."

त्याचा चेहरा पडला. "कुठला?"

"ते मॅडम-मॅडम बंद. आणि अहो-जाहोही."

"बरं," तो म्हणाला, आणि घाबरत घाबरत, पहिल्यांदाच, "...तू."

आतून रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. "काय गं," वडिलांनी विचारलं, "बदलराव गेले का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आता नाही जायचा तो."