न मोडणारा हँगर

दर्पणच्या हातून आजवर काही मोडलं नाही, असं त्याची आई जमना सगळ्या मुरबे गावात सांगत फिरायची. आणि एका संध्याकाळी बेटेगावच्या टपरीवर चहाचा ग्लास घेऊन तो गर्रकन वळला, खांद्यावरची बॅग मागच्या सायकलीला लागली आणि सायकल आडवी झाली… नेमकी गिअरच्या बाजूवर. सायकलवालीही नेमकी समोरच उभी.

"चहा सांडला नाय ना?" तिने विचारलं.

"नाय…"

"बरं झालं. चहा वाचला, सायकल गेली."

सरत्या पावसाची भुरभुर चालली होती आणि तिच्या भुवयांवर बारीक थेंब अडकले होते. दर्पणला सॉरी म्हणायचं होतं. निघालं भलतंच. "काय मोडलं ते दाखवा. मी तारापूरला टूलरूमला हाय, मशीनचे पार्ट बनवतो."

तिने तळहातावर दोन तुकडे धरले. दोन्ही मिळून अंगठ्याएवढे. "हँगर. मागचा गिअर यावर लटकतो. आन हरेक सायकलीचा वेगळा असतो. माझी सेकंडहँड, वरचं नावपण पुसलेलं. शोधा आता!"

"शोधतो की."

तिचं नाव हेमाली. माकुणसारची, घरी पानवेलींची वाडी; बोईसरला एका लॅबमध्ये नोकरी आणि रविवारी सायकलवरून भटकंती. दर्पणने वडापावच्या कागदावर तुकडे जुळवून त्यांची कड गिरवून घेतली आणि तो शोधाला लागला. पहिला हँगर मागवला, त्याचं भोक केसभर सरकलेलं निघालं. दुसऱ्याचं वळणच वेगळं. दर वेळी भेट त्याच टपरीवर.

"फोटोत तर डिट्टो दिसत होता," दर्पण म्हणाला.

"फोटोत सगळीच स्थळं चांगली दिसतात," ती म्हणाली आणि एकदम चहाच्या ग्लासात बघू लागली. दर्पणचे कान तापले. पुढचा हँगरही बसू नये, असं त्याला मनातून वाटायला लागलं होतं. एव्हाना 'तुमी'चं 'तू' झालं होतं, कधी ते दोघांनाही कळलं नाही.

शेवटी त्याने स्वतःच बनवायला घेतला. जेवणाच्या सुट्टीत बसून, बोटीच्या जुन्या शाफ्टच्या स्टीलचा, घासून घासून आरशासारखा केलेला. तिच्या हातावर ठेवताना छाती फुगवून म्हणाला, "हा जन्मात मोडणार नाय."

हेमालीने त्यावरून अंगठा फिरवला. तळहातावर तो एकदा तोलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "कसला चमकतो रे…" दर्पण त्या रात्री नीट झोपलासुद्धा नाही.

रविवारी सकाळी त्याचा बाप, रामा, होडीच्या मशीनच्या पंख्यात नवी पिन घालत बसला होता. पितळेची, मऊ.

"बाबा, स्टीलची घाला ना. मी आणून देतो."

"येडा हायस का?" रामाने वरही पाहिलं नाही. "पंखा जाळ्यात अडकला का ही मोडायलाच पायजे. ही नाय मोडली तं मशीन मोडल."

दर्पणला आपला हँगर आठवला. सायकलीत काडी अडकली, गिअर खेचला गेला, की हँगरने मोडायचं आणि फ्रेम वाचवायची. म्हणून तर तो मऊ असतो! त्याचा मोडणार नव्हता. मग मोडली असती फ्रेम, उतारावर, हेमालीसकट. आणि आज ती वाघोबाच्या घाटात गेली होती.

फोन लागत होता, पण ती उचलत नव्हती. त्याने मोटरसायकल काढली. पालघर मागे पडलं, घाट सुरू झाला. ओल्या रस्त्याच्या हरेक वळणावर तो तिचं निळं हेल्मेट शोधत होता आणि ते कठड्यापाशी पडलेलं दिसू नये म्हणून ठाऊक असतील तेवढ्या देवांना हाका मारत होता. घाट संपला. मासवण आलं. पुलाजवळच्या हॉटेलात हेमाली चहात बिस्किट बुडवत बसली होती.

"सायकलीला हात लावू नकोस!" तो गाडीवरूनच ओरडला.

"मी बिस्किट खातेय," ती म्हणाली. "काय झालं तुला? केवढा घामेजलायस!"

धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. पिन, हँगर, फ्रेम. हेमालीने बिस्किट संपवलं.

"माहीत हाय मला. हातात घेतला तेवाच कळलं, जड लागला."

"मग लावलास कशाला?"

"कुठं लावला?"

दर्पण खाली वाकला. सायकलीला साधा, मळकट काळा हँगर होता. वळण बरोबर, भोक बरोबर, धातू मऊ.

"तू बनवत होतास तेवाच पहिल्या मालकाला शोधून मॉडेल विचारलं न् मागवला," ती म्हणाली.

"आन मला बोलली नायस?"

"तू एवढा घासून बनवलास, नाय कसं म्हणू? आन हँगर मिळाला म्हटलं असतं तर… तू कशाला आला असतास टपरीवर?"

दर्पणचा जीव भांड्यात पडला. "तुला काय झालं असतं ना, तर मी…"

"तर काय?"

"तर मी काय केलं असतं मलाच ठाऊक नाय. मला तू आवडतेस, हेमाली. लय आवडतेस."

तिने गळ्याशी हात नेला आणि टी-शर्टच्या आतून एक काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्याला त्याचा हँगर चमकत होता.

"आईने विचारलं, हे काय गळ्यात? मी बोलले, नवस हाय."

"अगं… दे तो इकडं. काहीतरी चांगलं घेऊन देईन."

"नाय देणार." तिने तो मुठीत घट्ट धरला. "सायकलीचा मोडायलाच पायजे, बरोबर. पण हा नाय मोडायचा. तूच बोललास ना, जन्मात मोडणार नाय?"

"बोललो," दर्पण म्हणाला. "नाय मोडणार."

"मग बस की. चहा सांगते."

दर्पणने आधी खांद्यावरची बॅग काढली, सायकलीपासून चांगली लांब नेऊन ठेवली आणि मग तिच्या शेजारी बसला.