वीस बिया

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या लाल वाळूत गुडघे टेकून चारुता शेंगा खुडत होती आणि माश्या तिच्या तोंडावर घोंघावत होत्या.

"मेल्यांनो, जरा दम धरा!"

"इथल्या माश्यांना मराठी कळत नाही," मागून कुणी म्हणालं.

ती दचकून वळली. केशरी शर्ट, धुळीनं माखलेले बूट... आणि डोळ्यांत हसू. यतिन मूळचा सांगलीचा, इथल्या खाणीत इंजिनिअर. तिची गाडी बंद पडलीय असं वाटून थांबलेला.

"कसल्या शेंगा?"

"डार्लिंग पी. आपल्या मटकीच्या घराण्यातलं रानझुडूप. खाल्लं की मेंढ्यांना वेड लागतं."

"काहींना न खाताही लागतं..."

चारुतानं हसू दाबलं – आणि स्वतःहून नंबर दिला.

दोन हजार आठ साल होतं. सिडनीच्या गिरावीन उपनगरात दोन खोल्यांत सहा विद्यार्थिनी राहत. चारुताच्या वाट्याला एक खिडकी आणि वीस बिया. सोमवारपर्यंत मोड आले नाहीत, तर युनिव्हर्सिटीतला हा विषय दुसऱ्या कुणाला जाणार होता. तिला काळजी नव्हती. लहानपणापासून मटकीला मोड आणणारीला कोण काय शिकवणार? भिजवल्या, फडक्यात बांधल्या, नळावर टांगल्या.

तिसऱ्या दिवशीही बिया खड्यासारख्या टणक! तिनं यतिनला फोन लावला.

"उसळ फसली का?"

"चेष्टा नको रे. सगळा प्रोजेक्ट जाईल."

"घरमालकीणबाईंना विचारतो. त्यांचा जन्म इथं मेंढ्या पाळण्यात गेलाय."

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. बाहेर यतिन, हातात सँडपेपर.

"पूर आला की या बिया वाळूवर घासल्या जातात. साल खरवडली, तरच पाणी आत शिरतं, म्हणाल्या."

"हे फोनवर सांगता आलं असतं... आणि सँडपेपर सिडनीत मिळत नाही?"

"मिळतो," तो म्हणाला. "पण अकराशे किलोमीटर यायला काहीतरी निमित्त हवं होतं ना!"

गॅलरीत बसून दोघांनी एकेक बी घासली. संध्याकाळी बिया टपोऱ्या फुगल्या. रविवारी सकाळी सतरा बियांना पांढरी मुळं फुटलेली!

"दुपारचं विमान आहे," यतिन बॅग उचलत म्हणाला. "फुलं कधी येतात गं?"

"पुढच्या वर्षी."

"मग येईन... फुलं बघायला."

"फक्त फुलं?" चारुतानं बॅग त्याच्या हातातून काढून खाली ठेवली. "नीट सांग, यतिन. माझ्याकडे सँडपेपर अजून उरलाय."

त्यानं सांगितलं. दुपारचं विमान अर्थातच चुकलं.