परक्याची ओळख

दुपारच्या शांततेत दाराची कडी खुळखुळली. चार वर्षांची लेक, केवळा, नुकतीच झोपली होती. सिंधुनं ओठांवर बोट ठेवतच दार उघडलं.

उन्हानं लाल झालेला एक उंच माणूस. अंगात खिशाखिशांचं जाकीट, हातात वायरींचा गुंता.

“समोरच्या खोलीत नवीन आलोय. भीमाशंकर... चाकूरचा. आमच्याकडचा फेज गेलाय. तुमच्याकडं लाईट हाय का? चार्जिंग करायचं होतं.”

“मोबाईल?”

“न्हाई...” तो ओशाळून हसला, “काळीज.”

उन्हानं डोकं फिरलं असावं, असंच तिला वाटलं. पण ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी; सदऱ्याखालून निघून कमरेच्या डबीत शिरणारी वायर दिसली, तशी समजली. थकलेल्या हृदयाला पंप लावतात, तो बॅटरीवर चालतो — वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. जादाच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावून झाल्यावर तिनं सवयीनं त्याचं मनगट धरलं. बोटं सरकवली, पुन्हा सरकवली...

“नाडीच लागंना हो!”

“पंप रक्त सारखं वाहतं ठेवतो, ठोके देत न्हाई. म्हणून काय मेलोय व्हय? हात सोडला तरी चालंल, बाई... न्हाई सोडला तरी.”

तिनं झटकन हात सोडला. तिची स्वतःची नाडी मात्र दोघांपुरती धावत होती.

गावाकडं लाईटीचा भरवसा नाही म्हणून तो नांदेडला आला होता. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात गल्लीत नळ आठवड्यानं यायचा. तरी भीमाशंकर रोज यायच्या वेळेला सिंधु केवळाचे हात साबणानं दोनदा धुवायची. पंप बसल्यापासून त्याच्या रक्तातल्या, जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी दमल्या होत्या. लेकराची साधी सर्दीही त्याला आडवं पाडायची. तो चित्रकलेचा मास्तर. उंबऱ्यापाशी बसून केवळाला मोर काढून द्यायचा, आणि आत भाकरी थापताना सिंधुचा हात उगाच थांबायचा. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती... इतक्या दिवसांत भाकरीच्या आवाजाकडं कुणी कान दिला नव्हता.

“पेपरात आलंय, उदगीर नवा जिल्हा होणार. मग तुमचं चाकूर कुठं जाणार?” सिंधुनं एकदा विचारलं.

“कुठंबी जाऊ द्या. मी तर नांदेडातच रमून राहिलोय.”

एक दिवस मात्र तो आला आणि बसला नाही. हातात हैदराबादचा रिपोर्ट.

“दुसऱ्याचं हृदय मिळायची वाट बघत होतो. आता म्हणतात, पंपामुळं रक्तात अँटीबॉडी लई वाढल्यात. शंभर हृदयं आली, तर नव्वद जुळायची न्हाईत. माझं रक्त परक्याला वैरी समजून बसलंय, सिंधुताई.”

“ताई? कधीपासून?”

“आजपासून.” त्याची नजर जमिनीला. “हैदराबादलाच खोली घेतो, दवाखान्याजवळ. तुमच्या जिवाला कशाला घोर...”

सिंधुनं रिपोर्ट वाचला. घडी घातली.

“असल्या अँटीबॉडी माझ्याबी रक्तात असतील,” ती हळूच म्हणाली. “लेकरू पोटात वाढतं ना, ते अर्धं परकंच असतंय. आईचं रक्त ओळखतंय त्याला, परकं म्हणून... तरी नऊ महिने सांभाळतंयच की.”

त्यानं वर पाहिलं.

“मी किती दिवस हाय, मलाच ठाऊक न्हाई... सिंधु.”

“दिवस कुणी मागितलेत? राहा, एवढंच म्हणते मी.”

तो उंबऱ्यावर बसला. सिंधुच्या मागं कधीची उभी असलेली केवळा पुढं आली, आणि आईचा पदर ओढत म्हणाली,

“आई, मी मोठी होईस्तोवर राहतील ना गं काका?”