कापूस घातलेली बाटली

आगरदांड्याहून दिघीला निघालेल्या फेरीबोटीत एक मोटारसायकल मागे सरकली, माझ्या पिशवीला धक्का बसला आणि औषधाची बाटली घरंगळत थेट समोर बसलेल्या तरुणाच्या पायाशी गेली. त्याने उचलून ती सहज हलवली. गोळ्यांचा आवाज आला नाही.

"कापूस घातलाय व्हय?" तो हळूच म्हणाला. "मी पण घालतो."

मी बाटली झटकन काढून घेतली. त्याने आपल्या पिशवीतून तशीच बाटली अर्धी वर काढून दाखवली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

एचआयव्हीची सरकारी गोळी... रोज एक, फुकट. एसटीत खुळखुळायला नको म्हणून आम्ही बाटलीत कापूस कोंबायचो. माझं दुखणं जन्मापासूनचं. बाबा कशाने गेले हे आईने काकांनाही कळू दिलं नव्हतं. मुरुडला सगळेच ओळखीचे, म्हणून दर महिन्याला मी खाडीपलीकडचा दवाखाना गाठायची.

तो काशीदचा सुजित. केटररकडे वाढपी होता.

"तुमचा कापूस भारी दिसतोय," तो म्हणाला.

"देवाच्या वातींचा आहे."

"मग गुण येणारच. माझा उशीतला हाय."

मी किती दिवसांनी अशी हसले होते! पुढे आम्ही तारीख ठरवूनच जाऊ लागलो. औषधाच्या दिवसाची वाट बघणारी, त्यासाठी ठेवणीतली ओढणी काढणारी मी एकटीच असेन. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई सांगायच्या, गोळी चुकवली नाही तर विषाणू तपासणीतही सापडत नाही, जोडीदाराला लागण होत नाही, संसार करा, मुलं होऊ द्या. त्या असं बोलल्या की सुजित खिडकीबाहेर बघायचा, आणि मी त्याच्याकडे.

मग एकदा बाईंनी आनंदाने सांगितलं, आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील, त्याही मुरुडलाच. एसटीचं भाडं वाचेल, दिवसाची मजुरी बुडणार नाही. बातमी चांगलीच होती. मला मात्र रडू येत होतं.

परतताना तो माझ्याजवळ बोटीच्या कठड्याला येऊन टेकला.

"निवेदिता... आता बोट न्हाय, मग भेटायचं कुठं? आईला घेऊन घरी येऊ?"

मला हो म्हणायचं होतं. पण धाकट्या बहिणीचं, प्रणालीचं लग्न ठरत होतं. माझं कळलं तर ते मोडेल, याची धास्ती होती.

"तिचं होऊ दे," मी म्हणाले. "तोवर बाहेर दिसलास तर ओळख दाखवू नकोस."

तशी दवाखान्यातल्या सगळ्यांचीच ती रीत होती. तो "बरं" म्हणाला.

प्रणालीच्या लग्नात पंगत बसली आणि भाताचं पातेलं घेऊन तोच समोर आला.

"ताई, भात वाढू?"

चेहऱ्यावर ओळखीची रेषसुद्धा नव्हती. मी बघतच राहिले. शेजारी बसलेल्या प्रणालीच्या सासूबाईंनी विचारलं, "ओळखीचा आहे का गं?"

अक्षता पडल्या होत्या. मी घातलेली मुदत संपली होती. तो वाकून थांबला होता, जरा जास्तच वेळ...

"नाही," मी म्हणाले.

त्याने भात वाढला आणि तो पुढच्या पानाकडे गेला.

दोन दिवसांनी धीर करून मी काशीदला चौकशी केली. तो मुंबईला काम धरून गेला होता. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढच्या गोळ्या मी मुरुडलाच घेतल्या. तिथे कुणी मान वर करून पाहिलं नाही. तशीच आगरदांड्याला गेले, उगाचच बोटीत बसले. बाटलीतला सगळा कापूस काढून पाण्यात सोडला आणि बाटली मांडीवर ठेवली. दिघी येईपर्यंत ती खुळखुळत होती. कुणीही वळून पाहिलं नाही.