डोळे मिटून ऐका

हे घडलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण गोष्ट म्हणून वाचू नका.

या फेब्रुवारीतला रविवार. मुळशीतली एक देवराई. दिवेलागणीच्या थोडं आधी.

माझी धाकटी बहीण अपूर्वा जांबे गावात राहायची, हिंजवडीत नोकरी करायची. दर रविवारी त्या राईतल्या निसर्गफेरीला जायची. आधी मला बरंच वाटलं. मग तिने माझे फोन घेणं सोडलं. नोकरी सोडून राईजवळ खोली घेते म्हणाली.

माझा संशय निरंजनवर होता... फेरी घडवणाऱ्या गाईडवर. मी जीवशास्त्र शिकवते. माणसं उगीच इतकी भारावत नाहीत.

म्हणून मीही गेले.

राईच्या तोंडाशी निरंजनने प्रत्येकाला आपलं नाव मोठ्याने सांगायला लावलं. चहावाल्या गोजराबाई करवादल्या, "किती येळा सांगितलं, हितं नाव घ्यायचं न्हाई!"

"मावशी, भूत तुमचा चहा पितं का?" निरंजनने विचारलं.

"पितं की. तुझ्यावानी साखर कमी म्हनून रडत न्हाई."

सगळे हसले. अपूर्वा हसली नाही.

आत गोल करून बसलो. निरंजन म्हणाला, "डोळे मिटा. आवाज येईल तिकडे बोट दाखवा."

मी डोळे उघडेच ठेवले.

डावीकडे हळद्या पक्षी ओरडत होता. मागे ओढ्याचं पाणी. पण सगळ्यांची बोटं... एकाच बाजूला.

जुन्या बेहड्याकडे.

स्पीकर लपवलाय, मला वाटलं. उठून झाडामागे पाहिलं. नुसता पाला.

हळद्या गप्प झाला. मग पाणीही...

मी वळून माझ्या जागेकडे परत आले. बोटं सरकत होती. सगळी मिळून, सावकाश. कुणी चालत असावं तशी.

पाला मात्र वाजत नव्हता.

निरंजनचंही बोट सरकत होतं. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

बोटं माझ्यापाशी येऊन थांबली.

मी अपूर्वाचा दंड धरला आणि तिला ओढतच बाहेर आणलं.

पौडच्या स्टँडवर ती नेहमीसारखी बोलू लागली. मी विचारलं, "तुला तिथे काय ऐकू यायचं?"

"असं काय करतेस, ताई? तूच तर हाक मारायचीस. दर रविवारी."

आता ती माझ्याकडे राहते. निरंजन म्हणतो, त्या दिवशी काहीच झालं नाही.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात होते. घर शांत. तिच्या खोलीतून आवाज आला,

"आले गं, ताई!"

मी हाक मारली नव्हती.

तिची पावलं माझ्याकडे आली नाहीत... बाहेरच्या दाराकडे गेली. मी धावत जाऊन आडवी उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग बंद दाराकडे.

"तू... आत आहेस?"

तेव्हापासून मी अपूर्वाला हाक मारत नाही. काही हवं असलं, तर जवळ जाऊन खांद्याला हात लावते.