तुळसाबाईंना माघारी पाठवायचं राहिलं

खोटं वाटत असेल तर नागावला जाऊन माझ्या मावसबहिणीला, पूनमला, तोंडावर विचारा. फक्त दिवसाउजेडी जा, एवढं सांगतो.

गेल्या वर्षीची अक्षय्य तृतीया. संध्याकाळ.

पूनमच्या सासऱ्यांची, अंबाजीकाकांची, नागावच्या मागे वाडी आहे. तिथे जांभळाची वाईन बनते. पूनमचा नवरा सुजित जहाजावर इटालियन जेवणाचा कुक होता, म्हणून पिझ्झा-पास्ताही मिळतो. लोक हौसेने लग्नं लावायला येतात.

त्या दिवशी मात्र घरचंच लग्न होतं. नणंदेचं, साक्षीचं.

सासूबाई तुळसाबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. लेकीचं लग्न बघायचं राहूनच गेलं. म्हणून लग्नविधी गाऊन लावणाऱ्या धवलारणीने, नलूआजीने, धवले म्हणजे लग्नगीतं गाताना त्यांना नाव घेऊन मांडवात बोलावलं. त्या घरची रीतच तशी. गेलेल्यांना गाऊन बोलवायचं, लग्न लागलं की गाऊनच माघारी पाठवायचं.

लग्न लागलं. नलूआजी पुन्हा गायला बसली...

इकडे पास्ता गार होत होता. मुंबईचे पाहुणे ताटकळले होते. पूनमने डीजेला खूण केली आणि आजीला हाताला धरून उठवलं.

"बोलावलंय त्यांना धाडाया लागतं, गो," आजी म्हणाली. "न्हायतर बसून ऱ्हातात."

उद्या गा, म्हणत पूनमने वेळ मारून नेली. उद्या कसला न् काय! आवराआवरीत विसरूनच गेली.

पुढच्या आठवड्यात वाईनच्या खोलीतून आवाज आला.

टण... टण...

तुळसाबाई हयात असताना रोज बांगड्यांचा हात वाईनच्या ड्रमवर आपटून किती भरलाय ते बघायच्या. पूनमने दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

मग काकांच्या ताटाशेजारी दुसरं ताट दिसू लागलं. पिझ्झा खाल्लेला... चीज तेवढं काढून कडेला ठेवलेलं. सासूबाईंना चीजचा वाससुद्धा खपत नसे.

पूनमची पाचावर धारण बसली. काका मात्र खुशीत. एकटेच हसायचे, बोलायचे. स्वतः घास घेईनात. महिन्याभरात अर्धे झाले. दोन घास तरी खा, म्हणून पूनमने पाय धरले.

काका शांतपणे म्हणाले, "ती म्हनते, येकटी कशी जाऊ?"

पूनमला उमगलं. सासूबाई माघारी गेल्या नाहीत तर सासरेही हातचे जाणार. त्याच दुपारी गाडी काढून ती नलूआजीला घेऊन आली.

आजी अंगणात बसून गाऊ लागली. काका ओटीवर आडवे झाले होते. आतून टण... टण... चालूच.

आजीने तुळसाबाईंचं नाव घेतलं.

आवाज थांबला.

पूनमने हुश्श केलं. पण आजी थांबली नाही... तिच्या तोंडून आणखी एक नाव निघालं.

अंबाजी.

आजीने झटकन तोंडावर हात दाबला. "म्या न्हाय घेतलं, गो. माज्या तोंडून दुसऱ्याच कुनी घेतलं."

ओटीवरून काकांचा आवाज आला.

"आलो."

पूनम धावली. काकांचे डोळे उघडे होते, चेहरा समाधानी.

श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेलही. नलूआजीने त्यानंतर धवला गायलेला नाही. वाडीवर लग्नं लागतात, आवाज येत नाहीत, सगळं आलबेल आहे. तरी भेटलो की पूनम मला बाजूला घेऊन एकच विचारते. मी आजीला आणलं नसतं, तर बाबा आज असते का रे?

मी विषय बदलतो.